फोन चालतोय ना? मग तक्रार कसली?



शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला आमच्याकडे मुले जमतात. गेल्या महिन्यात त्यांतल्या एका मुलाने मला विचारले, "ताई, नेट स्लो आहे म्हणजे नेमके कुठे स्लो आहे?" बाकीची मुले हसली. मला हसू आले नाही, कारण हाच प्रश्न मला २००६ साली पडला होता. त्याचे उत्तर शोधत मी आमच्या घरातून निघाले आणि माडांच्या मागून खाडीच्या कडेपर्यंत चालत गेले. समाजशास्त्राचे एम.ए. मी नंतर केले. पण जात नेमकी कुठे असते, हे मला त्या दिवशी एका तारेने शिकवले. म्हणून हा लेख.

देवबाग ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, त्यावर माड आणि घरे. आज पर्यटक येतात, फोटो काढतात, जातात. तिथे आमच्या समाजाची मोजकीच घरे. माझे वडील प्राथमिक शिक्षक. घरात फोन १९९९ साली आला आणि २००५ साली बाबांनी पीएफमधून पैसे काढून जुना कॉम्प्युटर आणला. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाले. आमच्या घरात ते यायला पुढची दहा वर्षे लागली.

आजच्या मुलांना डायल-अप म्हणजे काय ते सांगावे लागते. फोनची जी तार बोलण्यासाठी, तिच्यावरूनच इंटरनेट. मॉडेम नावाची डबी फोन लावायची, चिरकायची, किरकिरायची आणि मग कोपऱ्यात दोन छोट्या कॉम्प्युटरचे चित्र उमटायचे. नेट चालू असेपर्यंत फोन एंगेज. मिनिटांचे बिल वेगळे. मॉडेमवर लिहिलेले असायचे ५६ केबीपीएस. आमच्याकडे त्या चित्रावर माउस नेला की दिसायचे १४.४, कधी ९.६.

हे आकडे किलोबिटचे. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणजे १४.४ चा वेग सेकंदाला जेमतेम १.८ किलोबाइट. दोनशे केबीचा एक फोटो उघडायला जवळजवळ दोन मिनिटे, तेही लाइन तुटली नाही तर.

आम्हाला ते चालून जायचे. ज्याने पूर्वी काही पाहिलेलेच नसते, त्याला हळू म्हणजे काय तेही माहीत नसते. तक्रार करावी असे वाटले ते खैरलांजीनंतर.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत सुरेखाताई भोतमांगे, प्रियंका, रोशन आणि सुधीर यांची हत्या झाली. पुढचा महिनाभर मोठ्या वर्तमानपत्रांत त्याबद्दल फारसे काही आले नाही. आले तेही वेगळ्याच रंगात. नोव्हेंबरमध्ये लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे माध्यमांना जाग आली. आपल्यासाठी यात नवे काही नव्हते. १९२० साली 'मूकनायक' सुरू होत असताना त्याची पैसे देऊन केलेली जाहिरातसुद्धा 'केसरी'ने छापली नव्हती. पण २००६ साली एक गोष्ट वेगळी होती. आपले कार्यकर्ते गावात जाऊन आले होते आणि त्यांनी पाहिलेले ई-मेलवरून हाताहाती फिरत होते. मुंबईच्या माझ्या मामाने असाच एक अहवाल मला पाठवला. एक एमबीची फाइल. आमच्या वेगाने दहा मिनिटांचे काम. पण सातव्या-आठव्या मिनिटाला लाइन तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून. तीन रात्री मी तेच करत होते. बाबा मागे खुर्चीवर बसून विचारायचे, "इला?" मी म्हणायचे, "नाय."

चौथ्या दिवशी मी ठरवले, दोष शोधायचा.

पहिली शंका आपल्याच घरावर घ्यायची, हे मला बाबांनी शिकवले होते. ते म्हणायचे, वर्गातले पोर नापास झाले तर आधी मास्तराने आपली वही तपासावी. मी घरापासून सुरुवात केली. दोष सापडलेसुद्धा. फोनची तार घरात येताच तिला एक फाटा देऊन आईसाठी स्वयंपाकघरात दुसरा फोन लावला होता. तो जोड बाबांनी स्वतः तार सोलून, पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून केला होता. चुलीच्या वाफेने ती पट्टी सुटली होती. मॉडेमची वायर ट्यूबलाइटच्या चोकला खेटून गेली होती. कॉम्प्युटरमध्ये दोन प्रोग्राम न विचारता मागच्या मागे काहीतरी उतरवून घेत बसले होते. मी फाटा काढला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. वायर लांब केली, ते प्रोग्राम बंद केले, ब्राउझरमधली चित्रे बंद केली. वेग १४.४ वरून १९.२ वर गेला.

हे मुद्दाम सांगते आहे. काही दोष आमच्या घरातलाच होता. चळवळीत आपण कधी कधी सगळाच दोष बाहेर ढकलतो, आणि मग समोरचा आपल्या घरातली एक सुटलेली चिकटपट्टी दाखवून आपले तोंड बंद करतो. आधी ती पट्टी आपणच काढावी. म्हणजे पुढचे बोलता येते.

पुढचे असे. रिसीव्हर उचलायचा, एक आकडा दाबायचा. डायल टोन थांबतो. मग कान देऊन ऐकायचे. लाइन चांगली असेल तर शांत असते. आमच्या लाइनवर खरखर होती, तव्यावर मीठ तडतडावे तशी. घरातली सगळी जोडणी सोडवली आणि बाहेरून येणारी तार थेट एका फोनला लावून ऐकले. तरी खरखर. म्हणजे दोष घराबाहेर, हे पक्के. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. भर दुपारी उन्हात खरखर कमी, संध्याकाळी दव पडू लागले की जास्त. म्हणजे ओल. कुठेतरी एखादा उघडा सांधा आहे आणि त्यात ओल शिरते.

तथागतांनी दुःख आहे एवढेच सांगून सोडले नाही, दुःखाला कारण आहे असे सांगितले. कारण सापडले तर निवारण आहे. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, असेही सांगितले. विहारात हे मी लहानपणापासून ऐकत होते. पाठ होते. पण एकेक गोष्ट बाजूला काढून कारण कसे गाठायचे, हे मला त्या तारेमुळे हातांनी कळले.

मी तक्रार नोंदवायला गेले. खिडकीतल्या माणसाने विचारले, "फोन बंद आहे का?"
"बंद नाही, पण खरखर आहे. नेट चालत नाही."
"बोलता येतंय ना? ऐकू येतंय ना?"
"येतं."
"मग फोन चालतोय ना? तक्रार कसली?"

तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या समोरच्या रजिस्टरात दोनच खाने होते, फोन चालू किंवा फोन बंद. आमचा फोन चालू होता. त्यामुळे आमची तक्रार लिहायला जागाच नव्हती.

घरी येऊन मी वही केली. पंधरा दिवस रोज तारीख, वेळ, दिसलेला वेग, किती मिनिटांनी तुटले, त्या वेळी ऊन होते की दव, सगळे लिहिले. त्या वहीच्या नकलेसह लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. माहितीचा अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला होता. दहा रुपये भरून एका कागदावर विचारले की या लाइनची तपासणी शेवटची कधी झाली आणि तिच्यावर किती सांधे आहेत. उत्तराचा कागद येण्याआधीच लाइनमन आले.

वयस्क गृहस्थ होते, सायकलवरून आलेले. घाम पुसत म्हणाले, "बाय, मी एकटोच आसंय. इतक्या गावांक एक माणूस. चल, तुझी लाइन बघूया." मी त्यांच्या मागून निघाले. तार घरातून निघाली ती रस्त्याकडे गेलीच नाही. ती मागे वळली. एका उंडीच्या फांदीला बांधलेली, तिथून काजूला, तिथून खाडीच्या कडेने तीन माडांना, मग एका मोडक्या कुंपणाच्या खांबाला आणि मोठा वळसा घालून रस्त्यावरच्या खांबापर्यंत. वाटेत सात सांधे. लाइनमनकाकांनी एक सांधा उघडून दाखवला. तांब्याची तार हिरवी पडली होती. पितळेच्या भांड्यात ताक कळकते ना, तशी. खारा वारा, खाडीची वाफ आणि नुसती पिळलेली तार.

मी त्यांना विचारले, "काका, हा खांब तर आमच्या घरासमोर दिसतोय. या बागेतून सरळ तार घेतली तर दोन खांबांचं काम. मग एवढा वळसा कशाला?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ता तुझ्या बापाशीक इचार."

संध्याकाळी मी बाबांना विचारले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फोन येवचो होतो तेव्हा बागवाल्याकडे गेल्लंय इचारूक. तो म्हणालो, नारळ पडतले, वायर तुटतली, मगे तुमी आमच्या नावान बोंब मारतल्यात. मी म्हटलंय, नाय मारूचंय, लिहून देतंय. तेव्हा म्हणालो, मास्तर, तुमका एकदा वाट दिली काय तुमचे सगळेच येतले."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणतलंय? भांडत बसलंय आसतंय तर फोनच इलो नसतो. माका फोन व्हयो होतो."

सात वर्षे हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. आईलाही नाही.

आता कोणी म्हणेल, यात जात कुठून आली? त्याला खरेच नारळांची काळजी असेल. मीही तसे म्हणून पाहिले. पण त्याच बागेतून पलीकडच्या दोन घरांच्या तारा सरळ गेल्या होत्या, आणि त्यांच्यावरही नारळ पडतच होते. आमच्यात आणि त्या दोन घरांत दुसरा काय फरक होता, ते देवबागात कुणालाही विचारा.

मित्रांनो, इथे एक तांत्रिक गोष्ट नीट समजून घ्या. तारेची लांबी थोडी वाढल्याने मॉडेमचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते सांध्यांनी. लांबचा, आडवाटेचा रस्ता दिला की अखंड तार पुरत नाही, तुकडे जोडावे लागतात, झाडांचा आधार घ्यावा लागतो आणि एकेका जोडात गंज शिरतो. बागवाल्याने आमचे इंटरनेट बंद केले नव्हते. इंटरनेट काय असते हे १९९९ साली त्याला माहीतही नसेल. त्याने फक्त सरळ वाट नाकारली. बाकीचे काम खाऱ्या वाऱ्याने केले. म्हणून सात वर्षांनी जेव्हा वेग मिळेना, तेव्हा दोष मॉडेमचा वाटला, माझ्या कॉम्प्युटरच्या अज्ञानाचा वाटला, खात्याच्या आळसाचा वाटला. जातीचा कुणालाच वाटला नाही.

आजची जात बहुतेक ठिकाणी अशीच काम करते. सरळ नकार क्वचित देते. जोडणी देते, पण वळशाची आणि सांध्यांची. मग सर्वेक्षणात आपल्या नावापुढे 'फोन आहे' अशी खूण होते. शाळा आहे, नळ आहे, रस्ता आहे, आरक्षण आहे. चालतंय ना? मग तक्रार कसली? आणि त्या तारेच्या शेवटाला बसलेले मूल जेव्हा मागे पडते, तेव्हा त्याला 'मेरिट नाही' म्हणतात. मेरिट मोजणारे नेहमी शेवटच्या टोकाला मोजतात. वाटेतले सांधे मोजायला कोणी सायकल घेऊन येत नाही.

हे महाडलाही असेच होते. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर जोडणी झाली होती. पाणी मात्र ओंजळीत आले नव्हते. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले, आणि न्यायालयाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडले. ठराव आणि ओंजळ यांच्यातले अंतर बाबासाहेबांनी मोजले, म्हणून तो सत्याग्रह झाला. ठरावावर समाधान मानले असते तर तळे आजही 'खुले'च असते.

आमच्या तारेचे पुढे काय झाले? लाइनमनकाका म्हणाले, सरळ वाट मिळते का बघू. मी आणि ते बागवाल्याकडे गेलो. म्हातारा थकला होता. मुलगा बोलला, गोड बोलला, चहा घेता का म्हणाला. "बाबांना विचारून सांगतो." ते सांगणे कधीच आले नाही. आठ दिवसांनी काका नव्या तारेचे भेंडोळे घेऊन आले आणि त्याच वळशाने, पण एकही सांधा न ठेवता, अखंड तार ओढून दिली. त्या रात्री कोपऱ्यातले चित्र म्हणाले, ३१.२.

मामाचा अहवाल पाच मिनिटांच्या आत उतरला. मी वाचत होते, बाबा ऐकत होते. भोतमांगे कुटुंबाच्या शेतातून रस्ता काढण्यावरून गावाशी वाद होता, हे आले तेव्हा बाबांनी मला हात करून थांबवले. बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. आमच्या तारेची आणि त्या चार जीवांची तुलना होऊ शकत नाही, तसे करणे त्यांचा अपमान होईल. पण दोन्हीकडे वाटेचाच प्रश्न होता. त्यांना आपल्या शेतातून रस्ता हवा असतो, आणि त्यांच्या बागेतून आपली तार नको असते. वाट कुणी द्यायची आणि कुणी वळसा घालायचा, हे गावात आधीच ठरलेले असते.

वाचून झाल्यावर बाबांनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवून विचारले, "आता चलता मा?"

मी म्हणाले, "चलता."

हा शब्द मला आजही टोचतो. खिडकीतल्या माणसाचेच वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडले होते. वेग मिळाला आणि मी वाट सोडून दिली. बागवाल्याचे 'विचारून सांगतो' मी पुन्हा कधी विचारायला गेले नाही. बाबा गप्प बसले त्याला कारण होते. त्यांच्यामागे कुणी नव्हते, त्यांना फोन हवा होता. माझ्याकडे वही होती, कायदा होता, शिक्षण होते. मी गप्प बसले ते सोयीसाठी. बाबांना दोष द्यायचा अधिकार मला नाही, पण स्वतःला द्यायचा आहे.

आज त्या तारेचा पत्ता नाही. लोकांच्या हातात मोबाइल आहे. पण प्रश्न बदललेला नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या सुमारे २४ टक्के घरांत इंटरनेट होते. शहरात ४२ टक्के, खेड्यात जेमतेम १५. ही नुसती आहे-नाहीची गणती. किती वेगाचे, किती तासांचे, किती माणसांत एक मोबाइल, हे त्यात नाही. पुढे टाळेबंदीत सगळी शाळाच त्या मोबाइलवर आली. ऑनलाइन वर्गासाठी रानात, डोंगरावर झोपडी बांधून बसलेल्या मुलांचे कौतुक छापून आले. जिद्दीचे कौतुक जरूर करा. पण रेंज डोंगरावर का आहे आणि घरात का नाही, हा प्रश्न त्या बातम्यांत फारसा दिसला नाही. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेले तेव्हा जिल्ह्यात अनेक ठिकाणी कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाइल मुके झाले होते. अशा वेळी कुठल्या वाडीत वीज आधी आली आणि कुठल्या वाडीत शेवटी, याची वही आपल्यापैकी किती जणांनी ठेवली? मीही ठेवली नाही.

केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या अधिकाराचा भाग मानला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये इंटरनेटवरून व्यक्त होण्याला आणि व्यवसाय करण्याला घटनेचे संरक्षण असल्याचे सांगितले. हे ठराव आहेत. ओंजळ अजून भरायची आहे.

म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाला, "नेमके कुठे स्लो आहे?" याला, मी दिलेले उत्तर इथेही लिहिते. पहिले, आपले घर तपास. फोन भरलेला आहे का, मागे काही चालू आहे का, घराबाहेर गेल्यावर वेग बदलतो का. आपला दोष असेल तर तो न लाजता काढ. दुसरे, लिहून ठेव. तारीख, वेळ, जागा, आकडा. 'नेट चालत नाही' ही कुरकुर झाली, पंधरा दिवसांची वही हा पुरावा झाला. तिसरे, शेजारच्या वाडीत जाऊन तेच मोज. फरक दिसला तर तो का आहे, हे विचार. चौथे, अर्ज लेखी दे, पोच घे, आणि एकट्याने देऊ नकोस. माझे बाबा एकटे गेले होते, मीही जवळजवळ एकटीच गेले. संघटित व्हा, हे बाबासाहेबांनी उगाच सांगितलेले नाही.

आणि पाचवे, जे मला जमले नाही. वेग वाढला म्हणून थांबू नकोस. वाट कोणी अडवली होती, ते विचारायला पुन्हा जा.

त्या मुलाने हे सगळे ऐकून घेतले आणि वही काढली. पहिल्या ओळीवर त्याने वाडीचे नाव लिहिले, खाली तारीख, वेळ आणि आकडा. दुसऱ्या पानावर शेजारच्या वाडीचे नाव लिहून बाकीचे पान कोरे ठेवले. रविवारी आम्ही दोघे तिकडे मोजायला जाणार आहोत.

जयभीम!